कोलायटिस, एम.एस्सी.चं शेवटचं वर्ष आणि कुणाला किती सांगायचं

रस्सा_नको (सातारा)

नमस्कार मंडळी. इतके दिवस इथे नुसतं वाचत होते, आज लिहितेय. साताऱ्यात एम.एस्सी. केमिस्ट्रीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. गाव रहिमतपूरच्या बाजूला, घरी आल्याची शेती.

मला अल्सरेटिव्ह कोलायटिस आहे. मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तराला सूज येते, जखमा होतात, शौचावाटे रक्त जातं. बी.एस्सी.च्या शेवटी सुरू झालं. आधी सगळ्यांनी मूळव्याधच समजून चालवलं. मलम झालं, ताक झालं, "गरमी झालीय, तिखट बंद कर" हे तर रोजचंच. शेवटी कोलोनोस्कोपी (दुर्बिणीने मोठं आतडं तपासणं) झाली आणि खरं नाव कळलं. आता मेसालामाइन हे आतड्याची सूज कमी करणारं औषध रोज चालू आहे. दिवाळीनंतर जोर झाला तेव्हा स्टेरॉईडही घ्यावं लागलं. पोट शांत झालं, पण चेहरा असा गरगरीत झाला की मैत्रिणी म्हणाल्या, "हॉस्टेलचं जेवण मानवलं गं तुला!" मीपण हसले. काय सांगणार?

औषधांबद्दल विचारायचं नाहीये, डॉक्टर चांगले आहेत. अडचण रोजच्या दिवसाची आहे. जोर असला की शौचाची भावना अशी येते की थांबताच येत नाही. हॉस्टेलला सकाळी संडासाबाहेर रांग, आणि माझी वेळ नेमकी तीच. शनिवारी घरी जायचं तर एसटीत बसायची धास्ती, म्हणून आदल्या रात्रीपासून जेवतच नाही. लॅबमध्ये रिफ्लक्स (मिश्रण बराच वेळ उकळत ठेवायचा प्रयोग) लावलेला असतो, तो सोडून पळायचं कसं? आणि परीक्षा. मागच्या सत्रात एका पेपरला दुसऱ्यांदा बाहेर जायला परवानगी मागितली, तर सुपरवायझर सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं म्हणाले, "काय खाऊन आलीस?" मी खाली बसले. नंतरच्या तासाभरात काय लिहिलं ते माझं मलाच माहीत नाही. त्या विषयाला एटीकेटी लागली.

घरी आईला सगळं माहीत आहे. अप्पांना "पोटाचं दुखणं" एवढंच. आजीच्या मते बाहेरचं आहे. आणि आत्याची सक्त ताकीद, की कुठं बोलायचं नाही, पुढं स्थळं बघायची आहेत. पण न सांगता मदत मागायची तरी कशी? गाईड सर पुरुष आहेत, त्यांच्यासमोर संडास हा शब्दसुद्धा तोंडातून निघत नाही माझ्या. कॉलेजात नक्की कुणाला सांगावं, किती सांगावं? अपंगत्वाचा दाखला मिळतो का यावर? ह्यातून शिक्षण पूर्ण केलेलं कुणी आहे का इथे?

---

जुनं_पोट (कराड)

आहे की! मला हाच आजार, डिप्लोमाला असताना निघाला. डिग्री झाली, नोकरी चालू आहे, मधेमधे पोट आपली हजेरी लावतं.

पहिलं दाखल्याचं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत. थॅलेसेमिया, हिमोफिलिया, सिकलसेल आहेत, आपलं दुखणं त्या यादीत नाही. त्यामुळे त्या वाटेने जादा वेळ मिळेल ही आशा धरू नकोस. मी त्यात बराच वेळ घालवलाय. पण दाराजवळची जागा आणि मध्येच बाहेर जायची मुभा यासाठी कुठला दाखला लागतो? ते कॉलेजच्या पातळीवर होऊ शकतं.

आता सांगण्याचं. मी एक रीत धरली होती. आजार सांगायचा नाही, लागतं काय ते सांगायचं. गाईडना म्हण, "सर, माझ्या आतड्यावर उपचार चालू आहेत. कधी कधी मला न विचारता पाच-दहा मिनिटं बाहेर जावं लागेल, डॉक्टरांची चिठ्ठी आणलीय." झालं. संडास म्हणायची गरज नाही. रक्त, कोलोनोस्कोपी, स्टेरॉईड हे त्यांना कशाला हवंय? पण एका माणसाला मात्र पूर्ण सांग. लॅब पार्टनर किंवा रूममेट, जी कोण पोटात ठेवेल ती. तू आत असताना तुझा रिफ्लक्स बघणारं कुणीतरी हवं, आणि हॉस्टेलला "जरा मला आधी जाऊ द्या" हे तुझ्या वतीने रांगेत ओरडणारं पण.

एसटीचं म्हणशील तर रहिमतपूरला रेल्वे आहे! पुणे-मिरज लाइन. वेळ जुळत असेल तर गाडीने जा, डब्यात संडास असतो. साताऱ्याचं स्टेशन माहुलीला, गावाबाहेर पडतं, तिथून रिक्षा किंवा वडाप (शेअर जीप) करावं लागेल, पण जीव टांगणीला नसतो. आणि आदल्या रात्रीपासून उपाशी राहणं बंद कर. रक्त जातं म्हणजे हिमोग्लोबिन आधीच खाली असणार, त्यात उपास. जोर असताना मऊ भात, मुगाच्या डाळीचं वरण, केळं, उकडलेला बटाटा असलं खाऊन निघ. घेवड्याची उसळ आणि जत्रेचा रस्सा नंतर. (तुझं नाव वाचून हसलो. आपल्या भागात रस्सा नाकारणं म्हणजे घराणं बुडवणं.)

अजून एक. पाळीत पोट दुखलं म्हणून मेडिकलमधून डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन असलं काही आपल्या मनाने घेऊ नकोस, त्यानेही आपला आजार उसळू शकतो. डॉक्टरांना विचारून दुसरं घे.

---

वाटसरू_४१५

आमच्याकडे एक वैद्य आहेत, पुडी देतात. महिन्यात आजार मुळापासून जातो. इंग्लिश औषधं लगेच बंद करायला लावतात. पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) करू का?

---

जुनं_पोट (कराड)

@वाटसरू, नको. स्टेरॉईड अचानक बंद केलं तर जिवावर बेतू शकतं, ते उतरवतच आणावं लागतं. मेसालामाइन तर बरं वाटत असतानाही घ्यायचं असतं, म्हणजे पुन्हा जोर व्हायची शक्यता कमी होते. आणि ज्या पुडीत काय आहे ते देणारा सांगत नाही, तिच्यात स्टेरॉईडच घातलेलं निघाल्याची उदाहरणं कमी नाहीत.

---

घंटा_झाली (सांगली)

मी कॉलेजात परीक्षा विभागात काम करते, आमच्या बाजूने सांगते. हॉलमध्ये आयत्या वेळी सांगितलेलं सुपरवायझरच्या कानात शिरत नाही, कारण दोनदा बाहेर जाणारा विद्यार्थी म्हटलं की त्याला आधी कॉपी दिसते. तुला जे बोलले ते चूकच, पण तिथे त्यांच्याशी भांडून पेपर परत मिळत नाही. म्हणून आधी कागद.

परीक्षेच्या निदान दोन-तीन आठवडे आधी प्राचार्यांच्या नावे अर्ज कर, सोबत डॉक्टरांच्या लेटरहेडवर सही-शिक्क्याचं पत्र. पत्रात आजाराचं नाव असायलाच हवं असं नाही. "मोठ्या आतड्याच्या दीर्घकालीन आजारावर उपचार सुरू आहेत, परीक्षेदरम्यान वारंवार स्वच्छतागृहात जावे लागू शकते" एवढं पुरतं. मागणी स्पष्ट लिही बाळ: दाराजवळचा बाक, स्वच्छतागृह असलेल्या मजल्यावरची खोली, सोबत जायला महिला कर्मचारी, आणि सुपरवायझरला आधी कल्पना. "सहकार्य करावे" असं मोघम लिहिलेले अर्ज फाइलला लागतात आणि तिथेच राहतात. दोन प्रती काढ, एकीवर आवक क्रमांक आणि तारीख घे, ती प्रत पेपरला जवळ ठेव. उठताना उत्तरपत्रिका बाकावर उलटी ठेवायची, बरोबर काही न्यायचं नाही, म्हणजे कुणाला बोलायला जागा राहत नाही.

प्रॅक्टिकलच्या हजेरीचंही आत्ताच बोलून घे. ॲडमिट झालीस तर डिस्चार्ज कार्डाची झेरॉक्स त्याच आठवड्यात द्यायची. सत्र संपल्यावर आणलेल्या सर्टिफिकेटला आमच्याकडे कुणी विचारत नाही, हे अगदी खरं सांगते.

---

आईच्या_बाजूने (वाई)

माझ्या मुलाला हेच आहे, म्हणून राहवलं नाही. तुझ्या अप्पांना सांग गं. आमच्या घरीही मी ह्यांच्यापासून लपवलं, आणि ते मनातल्या मनात कॅन्सर धरून बसले होते. आजार संसर्गाचा नाही, हेही घरात मोठ्याने सांग, नाहीतर ताट-वाटी वेगळी काढणारे निघतात.

आत्याबाईंचं माझ्या मते ऐकू नकोस. लग्नाआधी सांगायचं ते सांगायचंच, पण तो प्रश्न आज परीक्षेच्या आड कशाला? आणि रात्री फार जड वाटलं तर १४४१६ ला फोन कर. टेलिमानस, सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. माझा मुलगा आधी नाक मुरडत होता, मग त्याने स्वतःच लावला.

---

रस्सा_नको (सातारा)

सगळ्यांचे आभार. वाटसरूदादा, पुडी राहू दे.

लॅब पार्टनरला सगळं सांगितलं. तिच्या मावशीला संधिवात आहे, त्यामुळे स्टेरॉईडने चेहरा सुजतो हे तिला आधीच माहीत होतं. म्हणजे मला मानवलं म्हणणाऱ्यांत ती का नव्हती ते आत्ता कळलं. गाईड सरांना जुनं_पोट दादांचं वाक्य जसंच्या तसं म्हणून दाखवलं, पाठ करून गेले होते. सर एवढंच म्हणाले, "जाताना कंडेन्सरचं पाणी चालू आहे ना बघ, आणि पार्टनरला सांगून जा." मला वाटलं अजून काही विचारतील. नाही विचारलं, वहीत सही केली आणि पुढच्या टेबलाकडे गेले.

अप्पांचं अजून जमलं नाहीये. आल्याची काढणी चालू आहे, त्यात सध्या भाव पडलेत, घरी सगळे वैतागलेले. आई म्हणते बाजार झाला की बोलू.

डॉक्टरांचं पत्र सोमवारी मिळेल. घंटा_झाली काकू, अर्जात मागच्या सत्रातल्या त्या प्रसंगाचा उल्लेख करू का नको?

---

घंटा_झाली (सांगली)

या अर्जात नको. तक्रार आणि मागणी एका कागदावर आली की चर्चा तक्रारीचीच होते, आणि बाक राहतो बाजूला. आधी बाक मिळव. तक्रार करायचीच असेल तर ती वेगळी लिही, तुला वाटेल तेव्हा. अर्जाचा मसुदा नाव-गाव काढून इथे टाक, मी उद्या जेवणाच्या सुट्टीत बघते.