मदत हवी आहे : मांजराकाठच्या जीवाश्मांसाठी

राम राम मंडळी. आमचं गाव लातूर जिल्ह्यात, मांजरेच्या काठावर. या खोऱ्यातल्या जुन्या गाळात हत्ती, पाणघोड्यांचे जीवाश्म मिळालेत, डेक्कन कॉलेजच्या अभ्यासकांनी त्यावर कामही केलंय. पाणघोडा, आणि आपल्या दुष्काळी मुलखात! शाळेतली पोरं हे ऐकून थक्क होतात. खाली साडेसहा कोटी वर्षांचा बेसाल्ट, म्हणजे लाव्हा थिजून झालेला काळा खडक, वर हा नदीचा गाळ. दरड म्हणजे उघडं पुस्तकच. पण वाळूउपशात ती ढासळतेय, जीव तुटतो.

गडचिरोली जिल्ह्यात सिरोंच्याजवळ वडधमला जीवाश्म उद्यान आहे, तसं छोटं काही इथं करायचंय. परवानगीसाठी आधी कुठं जावं, तहसीलला की भूवैज्ञानिक सर्वेक्षणाकडं? हाडं जागेवरच झाकून ठेवावीत की साचे करून मांडावेत? कुणी असं काम केलं असेल तर कृपया सविस्तर लिहा. पावसाळ्याआधी दरड वाचवायचीय.