मदत हवी आहे: विंचूदंश झालेल्या लहान मुलाला प्रॅझोसिन मोजून कसं द्यायचं?

गडगा_१२: नमस्कार. रायगडच्या आतल्या भागातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रासाठी विचारते आहे. पेंढा, लाकूडफाटा, जांभ्याचे गडगे यांतून लाल विंचवाचे दंश येतात, त्यात मुलं बरीच. १० किलोच्या मुलाला प्रॅझोसिनची, म्हणजे रक्तवाहिन्या सैल करणाऱ्या औषधाची, मात्रा कशी काढायची? जवळच्या दुकानात २.५ आणि ५ मि.ग्रॅ.च्या एक्सएल गोळ्याच आहेत, त्या तोडून चालतील का? प्रतिविष असेल तर प्रॅझोसिन नको का?

खाडीपट्टा: मॅडम, एक्सएल तोडूही नका, कुटूही नका. ती औषध हळूहळू सोडायला बनवलेली असते. इथे लगेच परिणाम हवा आणि मात्राही नेमकी हवी. १ मि.ग्रॅ.ची साधी गोळीच मागवून ठेवा.

मात्रा किलोमागे ३० मायक्रोग्रॅम, म्हणजे १० किलोला ३००. गोळीची अगदी बारीक पूड करून १० मि.ली. पाण्यात कालवा, १ मि.ली.मध्ये १०० मायक्रोग्रॅम आले, ३ मि.ली. द्या. हे औषध पाण्यात नीट विरघळत नाही, तळाशी बसतं. सिरिंज भरायच्या क्षणी ढवळलं नाही तर वरचं नुसतं पाणी ओढलं जातं, आणि मुलाला औषध मिळालं असं समजून आपण पुढच्या मात्रेपर्यंत ३ तास थांबतो. उलट्या थांबत नसतील तर नाकातल्या नळीतून द्या.

त्याआधी ओआरएस. घामाने आणि उलट्यांनी मूल कोरडं पडलेलं असतं, तशात प्रॅझोसिन दिलं की रक्तदाब कोसळतो. मात्रेनंतर मूल आडवंच राहू दे. रडतंय म्हणून आई उचलून खांद्यावर घेते, तिथेच घात होतो. पाजायचं तेही आडवं ठेवून, हे आईला आधीच समजावून सांगा.

भिषक_दक्षिण: कोणाला द्यायचं तेही पाहा. नुसती ठणक असेल तर प्रॅझोसिन नको. दंशाच्या जागी बधिर करणारं, ॲड्रेनलिन नसलेलं लिग्नोकेन आणि पॅरासिटामॉल पुरतं. फसवणारं मूल वेगळंच असतं: फारसं रडत नाही, पण अंगभर घाम, उलट्या, हातपाय गार, मुलग्याचं लिंग ताठलेलं. घरचे म्हणतात विंचू उतरला. खरं तर विष तेव्हा रक्तात कॅटेकोलामाइनचा (ॲड्रेनलिनसारख्या संप्रेरकांचा) पूर सोडत असतं आणि हृदयावर ताण येत असतो. अशा मुलाला विलंब नको.

पहिले ३ तास दर अर्ध्या तासाने नाडी, रक्तदाब, श्वास; पुढचे ६ तास दर तासाला. ३ तासांनी पुन्हा तीच मात्रा, मग दर ६ तासांनी, हातपाय गरम आणि कोरडे होईपर्यंत. ॲट्रोपिन, स्टेरॉइड, ॲव्हिल यांचा उपयोग नाही. ॲट्रोपिनने तर नाडी आणखी धावते.

गडगा_१२: धन्यवाद, सर. प्रतिविषाचं?

खाडीपट्टा: मिळालं तर दोन्ही द्या. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्रॅझोसिनचा उपचार रुजवला, त्यांचीच २०११ची चाचणी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आहे. ७० रुग्ण होते. १० तासांत पूर्ण बरे झालेले: दोन्ही दिलेल्या ३५ पैकी ३२, नुसत्या प्रॅझोसिनच्या ३५ पैकी ८. पण प्रतिविष यायची वाट पाहत गोळी अडवून धरू नका. प्रतिविष देताना ॲलर्जी उठली तर म्हणून ॲड्रेनलिन भरून जवळ हवं. आणि फ्रिजमधलं सापाचं प्रतिविष विंचवाला चालत नाही. घाईत हीच चूक होते.

भिषक_दक्षिण: श्वास जलद, छातीत बुडबुड्यांचा आवाज, तोंडाला गुलाबी फेस किंवा रक्तदाब खाली, यांपैकी काहीही दिसलं की मोठ्या रुग्णालयात पाठवा, हृदयाला जोर देणारं डोब्युटामिन लागू शकतं. फुप्फुसात पाणी असेल तर ऑक्सिजन लावून डोकं उंच ठेवा, पण कडेवर घेऊन नाही. चिठ्ठीवर दंशाची वेळ, वजन आणि प्रॅझोसिन किती मायक्रोग्रॅम, किती वाजता दिलं हे लिहा, नाहीतर पुढच्या दवाखान्यात तीच मात्रा लगेच पुन्हा जाते.