आर्टरी, कोकर, अ‍ॅलिस, बॅबकॉक: ऑपरेशनचे हे चिमटे कसे ओळखायचे? आणि आर्टरी सुटते कशामुळे?

प्रश्न (ओटी म्हणजे ऑपरेशन थिएटरमधली असिस्टंट, घाटकोपर):
नमस्कार. छोट्या नर्सिंग होममध्ये नुकतीच रुजू झाले आहे. ट्रेमधले फोरसेप्स (चिमटे) मिटलेले असले की सारखेच दिसतात आणि सर्जनच्या हातात चुकीचा जायची भीती वाटते. शिवाय दोन आर्टरी (रक्तवाहिनी दाबून धरायचे फोरसेप्स) लावल्यावर आपोआप सुटतात, काहींच्या सांध्यावर तांबूस डागही आहेत. त्या टाकून द्यायच्या का?

उत्तर १ (स्क्रब सिस्टर):
मूठ बघू नका, टोक बघा. आर्टरीच्या जबड्यावर आडव्या रेघा असतात, टोकाला दात नसतो. रेघा अर्ध्याच जबड्यावर असतील तर केली, पूर्ण असतील तर क्राइल. मॉस्किटो ही त्यातली छोटी, साधारण 12.5 सेंमीची. कोकर आर्टरीसारखाच दिसतो, पण टोकाला एका बाजूला एक आणि समोर दोन दात असतात. तो फॅसियासारख्या (स्नायूंवरचं आवरण) चिवट भागासाठी. आतड्यावर चुकूनही देऊ नका, भोक पडेल.

अ‍ॅलिसच्या टोकाला बारीक दातांची ओळ असते. पकड घट्ट, पण ऊतक चेंगरतं, म्हणून तोही आतड्यावर नको. बॅबकॉकचं टोक गोलसर, मधे मोकळं आणि बिनदाती असतं. अपेंडिक्स, फॅलोपियन ट्यूब, आतडं धरायला तो. आणि आर्टरी फोरसेप्ससुद्धा ऊतक चेंगरतोच, त्यामुळे जी रक्तवाहिनी बांधायची किंवा जाळायची आहे तिच्यावरच लावतात.

उत्तर २ (सीएसएसडी, म्हणजे उपकरणं निर्जंतुक करणाऱ्या विभागातला टेक्निशियन):
सुटणाऱ्या आर्टरीची चाचणी सोपी आहे. मुठीजवळच्या अडकवायच्या खाचांपैकी (रॅचेट) पहिल्या खाचेवर लावा, सांध्याजवळ धरा आणि खाचांचा भाग टेबलावर हलकेच आपटा. उघडली तर खाचा झिजल्यात किंवा दांड्या वाकल्यात. मग पहिल्याच खाचेवर ठेवून उजेडाकडे धरा: टोकं आधी टेकायला हवीत. मधेच टेकून टोकाला फट राहत असेल तर जबडा वाकलेला आहे. ड्रेनची नळी किंवा जाड ड्रेप दाबायला आर्टरी वापरली की हेच होतं. जबडा सरळ करून मिळतो, पण सांध्यात चीर असेल तर ती बादच. मुंबईत प्रिन्सेस स्ट्रीटवर नव्या घेतानाही या दोन्ही चाचण्या दुकानातच करा.

डागावर पेन्सिलचा खोडरबर घासा. निघाला आणि खाली धातू गुळगुळीत असेल तर तो नुसता डाग. खाली खड्डा दिसला तर गंज, ते उपकरण बाजूला काढा. याचं मूळ बहुतेकदा क्लोराइडमध्ये असतं: सलाईनमध्ये भिजत ठेवणं, हायपोक्लोराइट (ब्लीच), टँकरचं खारं पाणी. शेवटचं धुणं डिस्टिल्ड किंवा आरओ पाण्याने करा आणि सांधा पूर्ण कोरडा करा. पावसाळ्यात तर हे अजिबात टाळू नका. साधं तेल लावू नका, त्याखाली वाफ पोहोचत नाही; पाण्यात मिसळणारं इन्स्ट्रुमेंट मिल्क (उपकरणांचं वंगण) वापरा. ऑटोक्लेव्हमध्ये (वाफेने निर्जंतुक करायचं यंत्र) रॅचेट उघडं ठेवा. लावून ठेवलं तर वाफ सांध्यात जात नाही आणि तापून प्रसरण पावताना तिथेच चीर जाते.

प्रश्नकर्ती:
खूप धन्यवाद. नीडल होल्डर कमी पडला तर आर्टरीने सुई धरली तर चालेल का?

उत्तर १:
नको. नीडल होल्डरचा जबडा आखूड, जाड आणि चौकटी खाचांचा असतो. आर्टरीच्या आडव्या रेघांवर सुई फिरते आणि कडक सुईमुळे जबड्याला खाच पडते. मग तीच आर्टरी पुढच्या केसला रक्तवाहिनीवरून घसरते. मॅनेजमेंटकडे जादा नीडल होल्डर मागून घ्या.