शिकागोत शिडाची होडी: ट्रेलरवरची बावीस फुटी की बंदरातली तीस फुटी?

नेपरव्हिलकर:
क्लबच्या होड्या चालवून झाल्या, आता घरची होडी घ्यायची आहे. समोर दोन जुन्या आहेत. एक कॅटॅलिना २२, कील (तळाखालचं वजनदार पातं) वर उचलता येणारी, ट्रेलरसकट. दुसरी कॅटॅलिना ३०, डिझेल इंजिनाची. आम्ही नवरा-बायको आणि नऊ वर्षांची लेक. माझं मत लहानीला. बंदरातलं भाडं होडीच्या लांबीवर ठरतं, मोसम मे ते ऑक्टोबर एवढाच आणि हिवाळ्यात यार्डाचं भाडं वेगळं. बावीस फुटी दारात उभी राहील. तुमचं काय मत?

पाणसारंग:
तीस फुटीच घ्या. मिशिगन सरोवर गोड्या पाण्याचं असलं तरी त्याला तळं समजू नका. उत्तरेचा वारा सुटला की त्याला जवळपास ५०० किलोमीटर मोकळं पाणी मिळतं, आणि शिकागोपाशी येईतो लाटा आखूड आणि उभ्या झालेल्या असतात. तिथे एक टनाची होडी आदळत राहते, साडेचार टनांची कापत जाते. समोरच्या काठावर सेंट जोसेफला जायचं तर साधारण ९५ किलोमीटर. चार नॉटने, म्हणजे ताशी जेमतेम साडेसात किलोमीटरने, तेरा तास लागतील. लेक पुन्हा होडीत पाऊल ठेवणार नाही! मोठीत उभं राहता येतं आणि संडासाला दार असतं. या दोन गोष्टींवर घरच्यांचा उत्साह टिकतो, हे मी मनापासून सांगतोय.

शीडवाली:
पाणसारंग, लाटांबद्दल पूर्ण सहमत. पण सेंट जोसेफ एवढंच जग आहे का? सुपीरियर सरोवरातली अपोसल बेटं घ्या. त्यांच्या समोरच्या काठावरचं बेफील्ड गाव शिकागोहून गाडीने दिवसभराच्या अंतरावर. ट्रेलर जोडला की संध्याकाळी तुम्ही तिथल्या धक्क्यावर. तीस फुटीला तिथे पाण्यातून न्यायचं तर आख्खं मिशिगन चढायचं, ह्युरॉन सरोवरात शिरायचं, सू लॉक्समधून (होड्या वरच्या पातळीवर चढवणारे पाण्याचे दरवाजे) सुपीरियरला लागायचं. सुट्टी तिथेच संपते. रस्त्याने न्यावी तर रुंदी जवळपास ११ फूट. साडेआठ फुटांच्या वर गेलं की परवाना आणि वेगळा ट्रक.

पाणसारंग:
पण दर शनिवारी डोलकाठी उभी करायची, शिडं चढवायची, रॅम्पवरून उतरवायची आणि संध्याकाळी सगळं उलटं. नेपरव्हिल उपनगरातून काठापर्यंत येण्याजाण्याचा वेळ वेगळाच. चार शनिवारांत हौस फिटते.

शीडवाली:
दर शनिवारी ओढायला सांगतंय कोण? मोसमात ती शिकागोच्या मनरो बंदरात बोयावर (पाण्यात नांगरलेल्या तरंगत्या पिंपाला बांधून) ठेवा. तिथे ने-आण करायला टेंडर बोट असते. ट्रेलर लागतो तो दूरच्या पाण्यासाठी आणि हिवाळ्यासाठी. लोक ट्रेलरवरच्या होडीला रोजच्या ओढाताणीवर नापास करतात, आणि तिचा खरा फायदा, म्हणजे पाणी बदलता येणं, हिशेबातच धरत नाहीत. नऊ वर्षांच्या मुलीला पाच वेगवेगळी सरोवरं दाखवता आली तर संडासाचं दार थोडं थांबू शकतं.

पाणसारंग:
दार थांबेल, वादळ थांबणार नाही. हवामान बघूनच बाहेर पडायचं आणि समोरचा काठ विसरायचा, हे कबूल असेल तर लहानी घ्या.

लेककिनारी:
घेणारच असाल तर पैसे देण्याआधी कीलचा पिव्होट बोल्ट (ज्यावर ती फिरते तो) आणि उचलायची केबल नीट पाहा. जुन्या बावीस फुटीत हीच दुखरी जागा. ट्रेलरचे ब्रेक, बेअरिंगही तपासा. होडी, ट्रेलर, मोटर, सामान मिळून साडेतीन हजार पौंडांच्या आसपास जातं, तेव्हा गाडीची ओढायची क्षमता आधी बघा. आणि डोलकाठी उभारताना वर विजेच्या तारा नाहीत ना, हे प्रत्येक वेळी, न चुकता.

नेपरव्हिलकर:
गाडी ५००० पौंड ओढते. शनिवारी बोल्ट पाहायला जातोय.