‘साउंडस्केप’ला मराठीत काय म्हणाल?

रानवेडी: कलाशिक्षकांच्या कार्यशाळेसाठी एक टिपण मराठीत करतेय. विषय आहे ‘द ग्रेट ॲनिमल ऑर्केस्ट्रा’. रानातले आवाज टिपणारे अमेरिकी ध्वनिमुद्रक बर्नी क्राउस आणि लंडनच्या युनायटेड व्हिज्युअल आर्टिस्ट्स या गटाचं हे मांडणशिल्प (इन्स्टॉलेशन) २०१६ साली पॅरिसच्या कार्तिए फाउंडेशनमध्ये लागलं. अंधाऱ्या दालनात रानांचे आवाज, आणि भिंतींवर सरकणारे त्याच आवाजांचे आलेख. प्राण्याचं चित्र एकही नाही.

‘साउंडस्केप’ म्हणजे एखाद्या जागी ऐकू येणारे सगळे आवाज मिळून. त्यासाठी मी ‘ध्वनिदृश्य’ लिहिलं. तपासणाऱ्यांनी चालवून घेतलं, पण मलाच खटकतंय. कॅलिफोर्नियात सिएरा नेवाडात लिंकन मेडो नावाचं कुरण आहे. तिथे निवडक झाडतोड व्हायची होती. त्याआधी, १९८८ मध्ये, क्राउस यांनी पहाटेचे आवाज टिपले आणि वर्षाने त्याच जागी परत टिपले. बघायला कुरण जसंच्या तसं. ऐकायला मात्र ओढा आणि एका सुतारपक्ष्याची टकटक, ठळक असं एवढंच. डोळा फसला ते कानाने पकडलं. मग ‘दृश्य’ कसं चालेल?

जुनी पाटी: ध्वनिपरिसर म्हणा, ताई. परिसर म्हणजे भोवताल, त्यात डोळ्याची सक्ती नाही.

कोपरखळी: परिसर म्हटलं की ‘परिसर स्वच्छ ठेवा’ आठवतं. साउंडस्केपच ठेवा. मरी शेफर या कॅनडाच्या संगीतकाराने तो शब्द रूढ केला, जगभर चालतो. टेबल चालतं तर हा का नको?

जुनी पाटी: टेबल वस्तूबरोबर आलं. इथे वस्तू आपलीच आहे, रान काही कॅनडातून आलेलं नाही.

सावंतवाडीकर: आपण ‘किर्र रान’ म्हणतो. किर्र हा रातकिड्यांचा आवाज, पण म्हणायचं असतं दाट झाडी. किर्र काळोखही म्हणतो. आवाजावरून रानाची घनता सांगायची सवय आपल्या भाषेला आधीपासून आहे. माझी आजी तिन्हीसांजेला पडवीत हातातलं सूप खाली ठेवून कानोसा घ्यायची आणि पाऊस कुठल्या डोंगरावर आलाय ते सांगायची. सूप वाजतं म्हणून आधी ते खाली. तुमच्या टिपणात ‘कानोसा’ कुठेतरी यायलाच हवा.

रानवेडी: सुंदर! पण कानोसा ही ऐकण्याची क्रिया झाली, मला ऐकू येतं त्याचं नाव हवंय. क्राउस आवाजांचे तीन थर करतात: सजीवांचे, वारा-पाण्याचे, माणसांचे. ते जैवध्वनी, भूध्वनी, मानवध्वनी असे केलेत.

घटमाती: मला वेगळंच खुपतंय. ‘मांडणशिल्प’ का? इथे कोरलंय काय? इन्स्टॉलेशन म्हणजे बसवणं. नळ बसवतो, गणपती बसवतो, घट बसवतो. पत्रावळीवर शेतातली माती, त्यात धान्य, मध्ये घट. नऊ दिवस पाणी घालायचं आणि कोंब बघायचे. माती, बी, पाणी, काळ, सगळं एका पत्रावळीवर.

कोपरखळी: मग ‘बसवणशिल्प’ म्हणणार का? मांडणशिल्प कलासमीक्षेत केव्हाच रुळलंय. आता मोडू नका.

पेडण्याचो: आमच्या गोव्यात मांड ही जागा. शिगम्याला गाव तिथे जमतो, नारळ ठेवून गाऱ्हाणं घालतो, मगच ढोल वाजतो. मांड उचलून दुसरीकडे नेता येत नाही. मला वाटतं ‘मांडणी’ या मांडावरूनच आली.

जुनी पाटी: नाही हो, मांडणे आलं संस्कृत मंडनावरून, म्हणजे सजवणे.

पेडण्याचो: देवाच्या मांडावर आम्ही सजवायला जात नाही, दादा.

रानवेडी: मंडळी, साउंडस्केप राहिलं! टिपण उद्या द्यायचंय. लिंकन मेडोचं ते दुसरं ध्वनिमुद्रण, झाडतोडीनंतरचं, त्यातल्या शांततेला ‘नीरवता’ लिहू का?

सावंतवाडीकर: नीरवता हवीशी असते. ही तशी नाही. ‘चिडीचूप’ लिहा. चिडी म्हणजे पक्षी, पक्षी चूप झाले.

जुनी पाटी: चिडी हिंदी आहे. मराठीत चिमणी.

घटमाती: चिडीमार मराठीत नाही का?

सावंतवाडीकर: आमच्याकडे मांजर अंगणात आलं की सगळी पाखरं एकदम गप्प होतात. आजी तेव्हा ‘चिडीचूप झालं बघ’ म्हणायची. हिंदी तिला येत नव्हतं.