मुलं देवाची देणगी, मग अंतर ठेवणं चूक का?

प्रश्न: बायबलमधलं स्तोत्र १२७ मुलांना देवाची देणगी म्हणतं. मग पाळणा लांबवणं म्हणजे अविश्वास का?

उत्तर १: मुळीच नाही. बायबलमधलंच १ तीमथ्य ५:८ पण वाचा, घरच्यांची तरतूद न करणाऱ्याला तिथे चांगलंच सुनावलंय. कॅथलिक असाल तर पोपचं १९६८ चं पत्र ‘ह्युमाने व्हिते’ गंभीर कारणांसाठी अंतर ठेवू देतं, मात्र नैसर्गिक पद्धतीनेच.

उत्तर २: बाळंतपण ते पुढची गर्भधारणा यांत किमान २४ महिने जाऊ द्या, जागतिक आरोग्य संघटना हेच सांगते. ‘अंगावर पाजतेय, दिवस राहत नाहीत’ यावर विसंबू नका. ते पहिले ६ महिनेच, तेही पाळी आली नसेल आणि बाळ रात्रंदिवस निव्वळ अंगावर असेल तर. वरचं दूध सुरू झालं की भरवसा संपला.

उत्तर ३: आणि थोरलीला धाकट्यांची आई करू नका! ताटं उचलू दे. रात्रीचे लंगोट आईबापांनी बदलायचे.