शब्दचर्चा : किणकिण ताणली की तिला काय म्हणायचं?

मंडळी, एका आवाजासाठी शब्द हवा आहे.

आमच्या रत्नागिरीकडच्या घराच्या पडवीत अ‍ॅल्युमिनियमच्या पाच नळ्यांचं विंडचाइम टांगलेलं आहे. मे महिन्यात वळवाच्या आधी संध्याकाळी वारा उठतो, तेव्हा मी शेजारी रेकॉर्डर लावला. पहिल्या दिवशीचं सगळं वाया गेलं. वारा थेट माइकवर आदळत होता, त्यामुळे नुसती फडफड आणि घरघर. दुसऱ्या दिवशी माइकला केसाळ टोपी चढवली, रेकॉर्डर खांबाच्या आडोशाला चाइमपासून हातभर अंतरावर ठेवला, आणि आवाज स्वच्छ मिळाला. मागे परसातला भारद्वाज ऐकू येतो, तो राहू दिला.

मूळ आवाजाला शब्द आहे : किणकिण. त्यावर कोणी भांडणार नाही. मग संगणकावर त्याचा वेग निम्मा केला. आवाज एक सप्तक खाली आला, लांबी दुप्पट झाली, आणि माझ्या तोंडून आपोआप 'खणखण' निघालं. पुन्हा निम्मा केला, तर थेट देवळातली मोठी घंटा : घणघण. नळ्या त्याच, वारा तोच, आणि शब्द मात्र क, ख, घ असा वर्णमालेच्या ओळीनेच जड होत गेला! आपल्या भाषेत ही उतरंड आधीपासून तयार आहे, हे मला फार मोलाचं वाटतं.

अडचण पुढे आहे. त्या चौपट ताणलेल्या आवाजातला सुरुवातीचा टोला मी कापून टाकला, फक्त मागचा भाग ठेवला आणि त्याला भरपूर रिव्हर्ब दिला, म्हणजे मोठ्या खोलीत वाजल्यासारखा परिणाम. आता ती घणघणही नाही. 'प्रक्रिया केलेला ध्वनी' म्हणवत नाही, तो कागदी शब्द आहे. काय म्हणावं?

प्रतिसाद १

ताई, उत्तराआधी एक दुरुस्ती. मधल्या पायरीला खणखण चालणार नाही. खणखण म्हणजे कडक, ठाम, मागे काही न रेंगाळणारा आवाज. नाणं दगडावर आपटलं की खणखणतं. म्हणूनच 'खणखणीत उत्तर' म्हणतो. तुम्ही वेग निम्मा केलात तेव्हा टोलासुद्धा ताणला गेला, त्याची धार बोथट झाली. धार गेली की खणखण संपली. तुमची उतरंड किणकिणीवरून सरळ घणघणीवर येते.

आणि हे धातूच्या नळ्यांपुरतंच. बांबूचं चाइम असेल तर तो आवाज खुळखुळतो, कितीही संथ केला तरी तो घणघणणार नाही. लाकडात नाद फार लवकर विरतो, ताणायला मागे उरतच नाही काही.

प्रतिसाद २

तुम्हाला हवा असलेला शब्द आमच्या सतारीच्या क्लासात रोज वापरतात : आस. मिजराफीचा, म्हणजे बोटातल्या तारेच्या नखीचा, आघात झाल्यावर तारेत जो नाद टिकून राहतो, ती आस. एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारी मींड त्या आसेतच खेचतात. वाद्य चांगलं नसेल तर गुरुजी म्हणतात, 'आस कमी आहे हिला.' टोला कापून तुम्ही जे ठेवलंत ती नळीची आस.

संस्कृतातून घ्यायचा असेल तर 'अनुरणन' आहे. काव्यशास्त्रात व्यंग्यार्थासाठी घंटेचा दृष्टांत येतो : टोला पडून गेला तरी मागे नाद रेंगाळतो, तसा वाच्यार्थानंतर उमटत राहणारा अर्थ. लेखात वापरायला सुंदर शब्द आहे, पण बोलताना आसच बरी.

चाइमच्या आसेबद्दल एक सांगतो. तंबोऱ्यात स्वयंभू गंधार, म्हणजे तार न लावताही आपोआप उमटणारा 'ग', ऐकू येतो, कारण तारेचे उपस्वर (मूळ स्वरासोबत उमटणारे वरचे सूर) मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट अशा पूर्ण पटींत असतात. दोन्ही टोकं मोकळी ठेवून टांगलेली धातूची नळी थरथरते तेव्हा तसं होत नाही. तिचे उपस्वर साधारण २.७६ पट, ५.४ पट, ८.९३ पट असे वेडेवाकडे पडतात. वेग मूळ असताना ते भुर्रकन विरतात आणि कळत नाहीत. संथ केलं की एकेक सुटा ऐकू येतो, आणि षड्ज नेमका कुठे धरावा ते कानाला उमगत नाही. तुम्हाला घंटेचा भास झाला तो यामुळेही.

प्रतिसाद ३

आस पटली. पण रिव्हर्बला आस म्हणू नका. आस वस्तूची, रिव्हर्ब जागेचा. त्याला घुमणं आहे. डग्ग्याचा घुमारा, रिकाम्या खोलीत घुमणारा आवाज. विजापूरचा १६५६ मधला गोलघुमट ज्याने ऐकला त्याला वेगळं सांगायला नको. (गंमत म्हणजे घुमट फारसी 'गुंबद'वरून आलेला मानतात, घुमणं आपलं देशी. दोघांचं रक्ताचं नातं नाही, तरी कानाला सख्खे वाटतात.) पारवाही घुमतो आणि अंगात आलेला भगतही घुमतो, म्हणजे नुसत्या प्रतिध्वनीपेक्षा ह्या क्रियापदात जास्त माल आहे.

डिले हा इफेक्ट वेगळा. तिथे आवाज सुटा होऊन परत येतो. त्याला पडसाद. वर्तमानपत्रांनी हा शब्द बातम्यांचे आणि निर्णयांचे 'तीव्र पडसाद' उमटवून झिजवला आहे, पण मूळ अर्थ डोंगरातून परतलेली हाक हाच. आवाज परत यायला साधारण एकदशांश सेकंद लागला तर तो वेगळा ऐकू येतो, म्हणजे समोरची भिंत निदान सतरा मीटर लांब हवी. त्याहून जवळ असली की पडसाद मूळ आवाजात मिसळतो आणि घुमणं सुरू होतं.

प्रतिसाद ४

स्टुडिओत आम्ही रिव्हर्बशिवायच्या आवाजाला 'ड्राय' आणि रिव्हर्ब दिलेल्याला 'वेट' म्हणतो. एकदा एका गायिकाताईंना 'आवाज कोरडा ठेवतो' म्हणालो, तर त्यांचा चेहरा पडला. मराठीत कोरडा आवाज म्हणजे माया नसलेला, आणि ओला आवाज म्हणजे रडवेला. तेव्हापासून मी 'नुसता आवाज' आणि 'घुमवलेला आवाज' म्हणतो. कोणाचा गैरसमज होत नाही.

आवाजाचे सेकंदाच्या शंभराव्या भागाएवढे बारीक तुकडे करून ते विखरून पेरायचे, असाही एक इफेक्ट आहे, ग्रॅन्युलर. त्यासाठी तांदळाची कणी मला चपखल वाटते. 'किणकिणीची कणी केली' म्हणून बघा.

ताई, पुढच्या वेळी रेकॉर्डरचा सॅम्पलिंग रेट (सेकंदाला आवाजाचे किती नमुने घ्यायचे तो आकडा) ९६ किलोहर्ट्झ ठेवा. रेटच्या निम्म्यापर्यंतचेच सूर पकडले जातात, म्हणून ४८ वर घेतलेला आवाज चौपट संथ केला की ६ किलोहर्ट्झच्या वर काही उरत नाही, आवाज घोंगडीखालून आल्यासारखा लागतो. ९६ वर घेतलात, आणि माइकही तेवढं वरचं पकडणारा असला, तर वरची चकाकी टिकते.

मूळ लेखिका

सगळ्यांचे मनापासून आभार. खणखण मागे घेते, दादांचं बरोबर आहे. पुन्हा लक्ष देऊन ऐकलं, धार खरंच गेलेली आहे.

कालच फाइलींची नावं बदलली : 'नुसती किणकिण', 'घणघण', 'आस', 'घुमवलेली आस'. कणी आज करून पाहिली. पत्र्यावर पावसाचे पहिले चार थेंब पडावेत तशी वाजते, म्हणून त्या फाइलीला 'कणी' हेच नाव दिलं.

एक राहिलं. चौपट संथ केल्यावर मागचा भारद्वाज इतका खाली गेला आहे की कानापेक्षा छातीत जास्त जाणवतो. त्याला घुमणं म्हणावं, तर ते मी आधीच रिव्हर्बला देऊन बसले. कोणाकडे शब्द आहे का?